उत्तरेकडची भिंत

“अहाहा, काय हा साधेपणा!” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

साधेपणा बघायला दोनशे किलोमीटर गाडी हाकत येणारी माणसं तो समोर आला की डोळे का मिटून घेतात, हे आम्हा तुरेत गावच्या लोकांना अजून उमगलेलं नाही. बाईंच्या यजमानांनी मात्र डोळे उघडे ठेवले होते. त्यांनी चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि डॉक्टर पेशंटच्या पाठीवर हात ठेवून बोलतो त्या सुरात ते म्हणाले, “आठशे वर्षं! त्या लोकांना भपक्याची गरजच नव्हती गं. नुसता दगड. उघडा, प्रामाणिक दगड.”

जिल्बेर वीतभर लांबीची किल्ली धरून दाराशी उभा होता. समोरच्याच घरात त्याच्या ताटातला मोहरीत शिजवलेला ससा निवत होता. आमच्याकडे बारा ते दोन या वेळात माणूस मरतसुद्धा नाही. मेलाच तर दोननंतर कळवतात. पण जुनी चर्चेस बघत हिंडणाऱ्या लोकांना भूक लागत नसावी. ते बरोबर बाराला पाच मिनिटं कमी असताना दार ठोठावतात आणि वर विचारतात, “तुम्हाला त्रास तर नाही ना झाला?”

“मस्यू, हे असंच होतं का हो पहिल्यापासून?” बाईंनी डोळे उघडून विचारलं.

“दगड पहिल्यापासूनचाच आहे,” जिल्बेर म्हणाला.

सतरा वर्षं तो हेच उत्तर देत होता. त्यात खोटं काही नव्हतं. गवंडीकामातून निवृत्त झाला तेव्हा घर चर्चसमोर आहे एवढ्या एकाच गुणावर पंचायतीने किल्ली त्याच्या गळ्यात मारली. तेव्हापासून त्याने सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या. कुणी मधोमध उभं राहून एकदाच टाळी वाजवतं आणि आवाज घुमला की ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असा चेहरा करतं. कुणी पुस्तकात बघून खांब मोजतं. एखादा कमी भरला तर जिल्बेरकडे संशयाने बघतं. कुणी नुसतं संडास कुठे आहे ते विचारतं. जिल्बेरच्या मते सगळ्यांत प्रामाणिक तेच.

उघड्या दगडाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. त्या दगडापायी पाच वर्षांपूर्वी जुलैच्या राष्ट्रीय सणाला सरपंच रेजिसने जिल्बेरच्या कोटाला एक पदकही टोचलं होतं: ‘तुरेतच्या दगडाला मुक्त करणारा कारागीर’. पदक खेळांचे चषक विकणाऱ्या दुकानातून घाऊक आणलेलं असल्यामुळे त्याच्या मागच्या बाजूला चेंडूला लाथ मारणारा खेळाडू होता. जिल्बेरची बायको सोलांज हिने ते कपाटावर मांडलं, पण खेळाडूची बाजू पुढे करून. तिचं म्हणणं, तो निदान काहीतरी करताना दिसतोय.

मुक्त केला म्हणजे काय केलं, ते आता सांगायला हवं.

एकाहत्तर साली जिल्बेर सव्वीस वर्षांचा होता, नुकतंच लग्न झालं होतं, आणि चर्चच्या भिंती आतून पांढऱ्या होत्या. चुन्याचा गिलावा, त्यावर दर पिढीने दिलेले चुन्याचे हात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. त्या साली नवे पाद्रीबाबा आले. त्यांनी एक पुस्तक वाचलं होतं. पुस्तकात म्हटलं होतं की गरिबांनी हातांनी रचलेला दगड गरिबांना दिसला पाहिजे. गरिबांनी दगड बघायला मागितला नव्हता. आठवडाभर शेतात ते तेच बघत. पण पाद्रीबाबांनी शहरातून एक वास्तुतज्ज्ञ आणला. तो पाइप ओढायचा, आणि पाइप ओढणाऱ्या माणसाला उलट प्रश्न विचारायची आमच्या भागात तेव्हा पद्धत नव्हती. ठरलं. परांची उभी राहिली. जिल्बेरला चौरस मीटरवर मजुरी कबूल झाली.

चौथ्या दिवशी उत्तरेकडच्या भिंतीत त्याच्या छिन्नीखालून एक पाऊल निघालं.

तांबड्या रंगाचं, अनवाणी, पाची बोटं शाबूत. त्याच्या शेजारी दुसरं. मग आणखी एक जोडी. पाद्रीबाबा पँट सावरत शिडी चढून आले.

“पाद्रीबाबा, हे पाय आहेत.”

“दिसतंय मला.”

“ओळीने आहेत. पाय आहेत म्हणजे वर माणसंही असणार.”

पाद्रीबाबांनी खाली पाइपकडे पाहिलं. पाइपवाल्याने शिडीला हातही लावला नाही. “नंतरच्या कुणातरी पेंटरची रंगरंगोटी,” तो म्हणाला. “मूळ वास्तूशी काही संबंध नाही. पुढे चला.”

जिल्बेर पुढे चालला. पायांवर अंगरखे निघाले, अंगरख्यांवर हात, हातांवर चेहरे. बारा शिष्य बाकावर बसलेले आणि प्रभू गुडघे टेकून त्यांचे पाय धुताहेत. निघाले तसे तो उतरवत गेला. त्या चेहऱ्यांकडे शेवटचं बघणारा माणूस तोच, आणि त्याने कामाच्या घाईत जेवढं बघितलं तेवढंच ते उरलं.

शुक्रवारी संध्याकाळी भिंत संपता संपता एक बाई निघाली. खांद्यावर पंचा, हातांत पाण्याचा भरलेला घडा. मोलकरीण असावी. ती प्रभूकडे बघत नव्हती. तिरप्या नजरेने ती थेट परांचीवरच्या माणसाकडे बघत होती, हे सगळं आटपणार कधी आणि मी फरशी पुसणार कधी, अशा चेहऱ्याने. जिल्बेरने हातोडा खाली ठेवला. भक्तीबिक्ती काही नाही. बारा संतांना त्याने बिनदिक्कत उतरवलं होतं. पण भरलेला घडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला धक्का मारत नाहीत, एवढं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं.

सोमवारी त्याने पाद्रीबाबांना सांगितलं, त्या कोपऱ्यातला दगड भुसभुशीत आहे, तिथला गिलावा काढला तर भिंत खाली येईल. पाद्रीबाबांना पुस्तकातला दगड कळत होता, भिंतीतला कळत नव्हता. पापांची कबुली ऐकायचं लाकडी खोकं ढकलून त्या कोपऱ्यासमोर लावण्यात आलं. काम संपलं. मजुरी मिळाली.

पुढे काळ बदलला. अठ्ठ्याऐंशी साली शेजारच्या गावात चुन्याखाली अशीच चित्रं सापडली. शहरातून मोटारी आल्या, वर्तमानपत्रात पानभर फोटो आला. ज्यांनी पूर्वी गावोगावच्या भिंती खरवडल्या त्यांना वर्तमानपत्राने ‘रानटी’ म्हटलं. जिल्बेरने तो लेख दोनदा वाचला आणि त्याच कागदाने चूल पेटवली. कुणी विचारायला आलं नाही. तुरेतमध्ये चुन्याखाली काय होतं हे ज्यांना ठाऊक होतं त्या तिघांतले दोघे एव्हाना वारले होते.

यंदा मे महिन्यात एका सोमवारी सरपंच रेजिस कॉफीच्या वेळी घरात आला. रेजिस ट्रॅक्टरचा विमा विकतो. त्यामुळे आनंदाची बातमीही तो अपघात झाल्यासारखी सांगतो.

“काका, गुरुवारी समिती येतेय.”

“कसली?”

“देखण्या गावांची. त्यांचा शिक्का बसला ना, की वर्षाला दहा हजार माणूस येणार इथं!”

“जेवायच्या वेळेलाच?” सोलांजने विचारलं.

रेजिसने ते ऐकलं नाही. “फक्त ते कबुलीचं खोकं हलवायचंय. दीडशे वर्षांचं भंगार ते, दगडाची ओळ तोडतंय. समितीच्या बाईंना नुसता दगड लागतो.”

“त्याच्यामागचा दगड भुसभुशीत आहे,” जिल्बेर म्हणाला.

“कुठलं काय! इंजिनियरने अख्खी भिंत तपासली ना गेल्या वर्षी. म्हणाला, रणगाडा आणून धडकवा. मागं थोडा गिलावा राहिलाय, तो माझा गवंडी मेव्हणा अर्ध्या तासात उतरवेल. तुमचंच अर्धं राहिलेलं काम पुरं होतंय, काका!”

तो गेल्यावर जिल्बेरची कॉफी तशीच राहिली. सोलांजने कप उचलला नाही.

“काय आहे त्या खोक्यामागं?”

“गिलावा.”

“गिलाव्यासाठी माणूस एवढा पांढरा पडत नाही.”

“बाई आहे.”

“कोण बाई?”

“चित्रातली.”

त्याने सगळं सांगितलं. पन्नास वर्षांचं सांगायला त्याला सात-आठ मिनिटं लागली. सोलांज ऐकून घेत होती.

“म्हणजे आपलं लग्न झालं त्याच वर्षी तू चर्चमध्ये एक बाई लपवून ठेवलीस,” ती शेवटी म्हणाली. “आणि मी गाढवीण त्याच खोक्यात गुडघे मोडून तुझी पापं सांगत बसायचे!”

“माझी का?”

“मला स्वतःची करायला वेळ कुठे होता?”

मग तिने थंड कॉफीचा कप उचलला. “सांगून टाक ना रेजिसला.”

“सांगितलं की बाकीचे कुणी उतरवले तेही सांगावं लागेल.”

सोलांजने कपाटावरच्या खेळाडूकडे पाहिलं. “तो गेला तर जाऊ दे. पण लोक तुला काय म्हणतील, ते ऐकायला बेकरीच्या रांगेत मी उभी असणार, जिल्बेर. तू नाही.”

ती भांडी घासायला उठली.

गुरुवारी सकाळी दहाला पंचायतीच्या दोन माणसांनी, सरपंचाने आणि सरपंचाच्या मेव्हण्याने मिळून खोकं ओढलं. खोक्याने पन्नास वर्षांची धूळ सोडली. ती खाली बसली तेव्हा भिंतीवर जाळ्यांच्या पडद्याआड घडा घेतलेली बाई उभी होती. तिची नजर तशीच तिरपी होती.

“अरे देवा, केवढा हा डाग!” रेजिस म्हणाला. त्याला बाई दिसलीच नाही. “अकराला येतायत त्या. उडव लवकर.”

“कुणीतरी काहीतरी काढलंय वाटतं,” मेव्हणा म्हणाला.

“पोराटोरांनी काढलं असेल. उडव.”

जिल्बेर पुढे झाला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस पाठ टेकून उभा राहिला तर कुणालाही वाटतं दमला असेल. रेजिसलाही तसंच वाटलं.

“काका, बाहेर बाकावर बसा जरा. इथं धूळ आहे.”

“हिला हात लावायचा नाही. हिच्या बाजूचे तेरा मी उतरवलेत. ही राहू दे.”

“कुठले तेरा?”

“बारा शिष्य आणि प्रभू. ह्या भिंतीवर होते, चुन्याखाली.”

पंचायतीच्या दोन्ही माणसांनी टोप्या काढल्या आणि कशासाठी काढल्या ते न कळून पुन्हा घातल्या. रेजिस विमा विकणारा माणूस. नुकसान किती ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. त्याने आवाज खाली आणला.

“आणखी कुणाला माहितीय हे?”

“सोलांजला. आणि आता तुला.”

“मग ही गोष्ट इथंच राहू दे. काका, ऐका माझं. तीन हजार पत्रकं छापलीत, ‘मूळ उघडा दगड’ म्हणून. तुम्हाला पदक दिलंय! उद्या पेपरात तुमचं नाव काय म्हणून येईल, विचार करा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचंही झाकलेलं राहील, गावाचंही. तुम्ही घरी जा. उतरवताना तुम्ही इथं नव्हतात, बस.”

जिल्बेरला ते सगळं पटत होतं. तेच तो तीन रात्री स्वतःला सांगत होता. त्याने रेजिसकडे न बघता मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हण्याच्या हातात छिन्नी होती, चांगल्या पोलादाची.

“तुला मीटरवर देतोय की तासावर?”

“तासावर,” मेव्हणा म्हणाला.

“मग थांब की. तुझं काय जातंय?”

मेव्हण्याने क्षणभर विचार केला, छिन्नी खिशात घातली आणि खोक्याच्या पायरीवर बसून पाव-मांसाची पुडी उघडली. एका गवंड्याने दुसऱ्या गवंड्याला सांगितलेली गोष्ट सरपंचाला खोडून काढता येत नाही.

“तू माझ्या बहिणीचा नवरा आहेस की काकांचा?” रेजिस ओरडला, आणि त्याच वेळी समितीच्या बाई आत आल्या.

गळ्यात रेशमी रुमाल, हातात वही. आदल्या वर्षी मार्गदर्शक पुस्तिकेत तुरेतच्या भिंतीला ‘दगडाची निर्मळ प्रार्थना’ म्हणणाऱ्या त्या ह्याच.

“हे काय मध्येच?” त्यांनी नाक मुरडून विचारलं. “सलगपणा मोडतोय.”

“तात्पुरतं आहे मादाम, अगदी तात्पुरतं...”

पण बाई जवळ गेल्या होत्या. जिल्बेर एक पाऊल बाजूला सरकला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निर्मळ प्रार्थना त्या जागच्या जागी विसरल्या.

“चौदावं शतक,” त्या कुजबुजल्या. “तिचे डोळे बघा! आणि बाकीचे? ही एकटी असणार नाही. बाकीचे कुठायत?”

रेजिसने जिल्बेरकडे पाहिलं. मान अगदी थोडी, नकारार्थी हलवली.

“मी काढले,” जिल्बेर म्हणाला. “एकाहत्तर साली.”

“काढले म्हणजे? कुठे नेले?”

“रेजिसच्या वडलांच्या गोठ्याच्या वाटेवर. तिथं खड्डे होते.”

“वाट चांगली झालीय,” मेव्हणा तोंडातला घास गिळून म्हणाला. “मी त्याच वाटेने आलो आज.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?” बाईंचा आवाज चढला. “कुणाच्या हुकमावरून?”

पाद्रीबाबा कबरस्तानात होते, पाइपवाला आणखी कुठल्या तरी शहराच्या कबरस्तानात. दोघांचीही नावं जिल्बेरला पाठ होती.

“छिन्नी माझ्या हातात होती,” तो म्हणाला.

“रानटीपणा!” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत तसंच लिहून घेतलं.

शिक्का मिळाला. दगडासाठी नाही, मोलकरणीसाठी. रेजिसने तीन हजार पत्रकं बंबात घातली आणि नवी छापली. भिंतीजवळ फलक लागला: ‘या भिंतीवरील इतर चित्रे १९७१ मध्ये अज्ञानापोटी नष्ट करण्यात आली.’ नाव घातलं नाही, हे आपले उपकार आहेत असं रेजिस मानतो. वर्तमानपत्राने नाव घातलं, वयासकट. पदक न्यायला पंचायतीचा कारकून आला. सोलांजने ते त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि म्हणाली, “फुटबॉल खेळणारं कुणी असेल तर द्या.”

बेकरीच्या रांगेत आता सगळ्यांच्याच आज्यांना सगळं ठाऊक होतं. “आमची आजी नेहमी म्हणायची, त्या चुन्याखाली संत आहेत,” खाटकाची बायको जिल्बेरच्या बायकोला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली.

“मग एकाहत्तर साली तोंड का नाही उघडलं तिनं?” सोलांजने विचारलं. “दात नव्हते म्हणून?”

घरी येऊन तिने पाव टेबलावर ठेवला आणि कोट न काढता खुर्चीवर बसली. जिल्बेरने पाव कापला.

किल्लीही पंचायतीने परत मागून घेतली होती. पण जेवणाच्या ताटावरून उठून अनोळखी माणसांसाठी दार उघडायला गावात दुसरा कुणी तयार होईना. नवव्या दिवशी कारकून ती गुपचूप जिल्बेरच्या दाराच्या खिळ्याला अडकवून गेला.

सप्टेंबरात एक जोडपं आलं. यजमान उंच, आवाज त्याहून उंच. त्यांनी चित्रातल्या बाईचे चार फोटो घेतले, फलक मोठ्याने वाचला आणि किल्लीवाल्या म्हाताऱ्याकडे वळून, आपण दोघे एकाच बाजूचे आहोत अशा थाटात विचारलं, “कोण होता हो तो गाढव?”

“मी,” जिल्बेर म्हणाला.

यजमान फलकाकडे बघू लागले. त्यांच्या बायकोने जमिनीकडे बघितलं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

“ते कसे होते?” बायकोने हळूच विचारलं. “आठवतं तुम्हाला?”

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. जिल्बेरने खिशातून बॅटरी काढली. ती त्याने दोन्ही हातांनी धरली आणि उजेड भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या दगडावर टाकला.

“इथून सुरू,” तो म्हणाला. “हा म्हातारा होता. अंगरखा गुडघ्यापर्यंत वर धरलेला, लाजल्यासारखा. ह्याच्या शेजारचा पोरगेला, दाढी नव्हती. ह्या तिसऱ्याने वहाणा काढल्याच नव्हत्या. सगळे अनवाणी आणि हा एकटा वहाणा घालून. इथं खाली प्रभू, गुडघ्यांवर. आपल्याकडे पाठ. पेंटरने त्यांच्या टाचेला भेगा काढल्या होत्या. तीन.”

उजेड दगडादगडावरून सरकत होता. दोघंही माना वळवून त्याच्यामागे जात होती. यजमानांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“हा सातवा हसत होता. दात काढले होते त्याला, वरचे. आठवा...”

उजेड थांबला. सांध्यातला चुना तेवढा पांढरा दिसत होता.

“आठवा नाही सांगता येत,” जिल्बेर म्हणाला. “त्या दिवशी आभाळ आलं होतं, आत अंधार होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.”

तरी त्याने बॅटरी लगेच पुढे नेली नाही. तिघंही त्या दगडाकडे बघत उभी राहिली.